चिनी 'छंग-यू'चा अर्थ अक्षरांत का सापडत नाही?

प्रश्न
चिनी शिकताना छंग-यू, म्हणजे बहुधा चार अक्षरांचे पारंपरिक वाक्प्रचार, यांपाशी माझे घोडे अडते. 'सकाळी तीन, संध्याकाळी चार' ही अक्षरे मला वाचता आली. शब्दकोशात मात्र त्यांचा अर्थ 'धरसोड करणे' असा दिला आहे. हा अर्थ आला कोठून? जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
ही चार अक्षरे एका कथेची केवळ खूण आहेत. च्वांग-त्स या ताओवादी ग्रंथात एक माकडवाला माकडांना सकाळी तीन आणि संध्याकाळी चार फळे देऊ करतो, तेव्हा ती चिडतात. तोच क्रम उलटा केला की खूश होतात, वास्तविक बेरीज दोन्ही वेळा सातच असते. मूळ रोख माकडांच्या भ्रमावर होता. पुढे लक्ष माकडवाल्याच्या शब्द फिरवण्याकडे गेले, त्यामुळे आधी फसवणूक आणि मग धरसोड असा अर्थ रूढ झाला.

प्रतिसाद २
प्रत्येक छंग-यू इतका दुर्बोध नसतो. इ. स. पू. 207 मध्ये च्युलूच्या लढाईपूर्वी श्यांग यू या सेनापतीने नदी ओलांडल्यावर स्वयंपाकाची भांडी फोडली आणि होड्या बुडवल्या. त्यावरून आलेला वाक्प्रचार 'परतीचे दोर कापणे' म्हणणाऱ्या मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. शिवाय सगळ्यांचा उगम चीनमध्येच आहे असेही नाही, कारण 'आंधळ्यांनी हत्ती चाचपणे' हा छंग-यू बौद्ध ग्रंथांच्या भाषांतरांतून तेथे पोहोचला.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग कथा पाठ केली की वापरही आपोआप जमेल का?

प्रतिसाद १
माझ्या मते नाही. 'खुंटापाशी सशाची वाट पाहणे' हेच घ्या. शेतातील खुंटावर आपटून एक ससा मेला, तेव्हा सुंग राज्यातील शेतकऱ्याने नांगर टाकून दुसऱ्या सशाची वाट पाहिली, ही कथा इ. स. पू. तिसऱ्या शतकातील विचारवंत हान फेईने सांगितली ती जुन्या राजांच्या धोरणांनी आजची प्रजा चालवू पाहणाऱ्यांना हिणवण्यासाठी. आज मात्र हा वाक्प्रचार कष्टांवाचून लाभाची आशा धरणाऱ्याला लावतात आणि त्यात राज्यकारभाराचा मागमूसही नसतो. म्हणून कथा लक्षात राहण्यासाठी वाचावी, अर्थ मात्र आजच्या लेखनातील वाक्यांवरूनच ठरवावा. विशेषतः त्यात निंदा आहे की स्तुती, हे कथेवरून नेहमी कळत नाही.