टर्मिनलवर मराठी नावांचे रकाने सरळ कसे आणायचे? (पायथन, खर्च शून्य)

मागकरी_०७
नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आठवड्याच्या पगाराचा हिशेब वडील वहीत करतात, तो मी पायथनमध्ये बसवलाय. नाव, नग, दर, उचल, हातात किती. हिशेब चोख येतो, पण टर्मिनलवर (नुसत्या अक्षरांच्या पडद्यावर) छापलं की रकाने वाकडे. 'यमगर'च्या ओळीत आकडे जागेवर, 'म्हेत्रे'च्या ओळीत चार घरं डावीकडे. शिवाय उचल पगाराच्या वर गेली तर ती ओळ लाल दिसावी, एवढी हौस आहे. मशीन जुनं, २ जीबी रॅम, लिनक्स टाकलंय. खर्च शून्य, आणि भाषा बदल म्हणू नका. काय वापरू?

नवीपेठ_निवांत
२ जीबीत काय होतंय बे? सेकंडहँड लॅपटॉप घे, एसएसडी टाक. मी घेतला तेव्हापासून टेन्शन नाही.

मागकरी_०७
दादा, एसएसडीने रकाने सरळ होतील का?

टर्बोमास्तर
आम्ही टर्बो सी मध्ये गोटूएक्सवाय लिहायचो, कर्सर म्हणाल त्या घरात जाऊन बसायचा. टेक्स्टकलर लाल म्हटलं की लाल. ८० रकाने, २५ ओळी, विषय संपला. हॉस्टेलच्या मेसची सगळी बिलं मी त्यावर काढली आहेत. आताच्या पोरांना साध्या कामालाही दुसऱ्याने लिहिलेली तयार लायब्ररी लागते.

पुण्यात_मूळ_सोलापूर
सर, तुमचं गोटूएक्सवाय ज्या कोनिओतून येतं ती टर्बो सी बनवणाऱ्या बोरलँडची डॉससाठीची सोय होती. लिनक्सवर ती मिळत नाही. कॉलेजात अजून डॉसबॉक्समध्ये, म्हणजे नव्या मशीनवर जुना डॉस चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, तेच चालवतात म्हणून पोरांना सी म्हणजे निळा पडदा वाटतो.

टर्बोमास्तर
त्या निळ्या पडद्यावर शिकलेलेच आज तुमचे मॅनेजर आहेत.

कडक_भाकरी
भांडण नंतर. मागकरी, गडबड कुठं होते ते बघ. पायथन रुंदी मोजताना युनिकोडची चिन्हं मोजतो. यमगर म्हणजे चार चिन्हं. म्हेत्रे म्हणजे म, हलन्त, ह, मात्रा, त, हलन्त, र, मात्रा, अशी आठ. पडद्यावर मात्र हलन्त आणि वरच्या मात्रा वेगळं घर घेत नाहीत, म्हणून दोन्ही नावं जवळपास तेवढीच जागा खातात. बारा घरं भरायला सांगितलीस की यमगरपुढं आठ मोकळ्या जागा पडणार, म्हेत्रेपुढं चारच. तीच तुझी चार घरं. सी च्या प्रिंटएफमध्ये तर बाइट मोजले जातात, यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. तिथं याहून वाईट हाल होतात.
डब्ल्यूसीविड्थ नावाची फुकट लायब्ररी आहे, ती घरं मोजून देते. तिच्या हिशेबाने मोकळ्या जागा तूच घाल.

रिचभक्त
एवढं कशाला? पायथनची रिच लायब्ररी टाका. चौकटी, रंग, टेबल सगळं तयार. आमच्या ऑफिसात माझा डॅशबोर्ड बघून साहेब उभे राहिले होते.

पुण्यात_मूळ_सोलापूर
पडदाभर हवं तिथं लिहू देणारं कर्सेस पायथनसोबतच येतं, लिनक्सवर वेगळं काही टाकावं लागत नाही. खरा प्रोग्रॅमर तेच वापरेल.

कडक_भाकरी
एक यादी छापायला अख्खा पडदा ताब्यात घ्यायचा? आणि रिचला काना कळतो का बघा आधी. काना, वेलांटी यांना घर द्यायचं की नाही यावर टर्मिनलांचंच एकमत नाही. लायब्ररी एक मोजते, टर्मिनल दुसरंच रंगवतं.

जिस्टवाले_काका
आमच्याकडे सी-डॅकचं जिस्ट कार्ड होतं. संगणकात बसवलं की डॉसचा प्रोग्रॅम मराठी बोलायचा. त्याच्या इस्की या जुन्या भारतीय लिपी-संकेतात एका चिन्हाला एकच बाइट, तुमच्यासारखे तीन नाहीत. हल्ली सगळं फुकट मिळतं तरी रडगाणं आहेच.

नवीपेठ_निवांत
काका, ते कार्ड आता कुठं मिळेल?

सातरस्ता_रूट
कुणी सांगितलं नाही म्हणून सांगतो. मोजायचंच कशाला? कर्सरला थेट रकान्यावर पाठव. एस्केप, म्हणजे २७ क्रमांकाचं चिन्ह, मग उघडा चौकोनी कंस, मग ३०, मग मोठा जी. नाव कितीही लांबरुंद असो, पुढचा आकडा तिसाव्या घरातच पडतो. गोटूएक्सवायचाच भाऊ समजा. लाल रंगासाठी तसंच एस्केप, कंस, ३१ आणि लहान एम. ओळ संपली की एस्केप, कंस, शून्य आणि एम द्यायला विसरू नको, नाहीतर पुढचे सगळे कामगार लाल. ही पद्धत नवी नाही, १९७८ च्या व्हीटी१०० टर्मिनलवरही कर्सर अशाच धाटणीच्या कोडांनी हलायचे. रंग त्यावर नव्हते.

टर्बोमास्तर
म्हणजे मी म्हणालो तेच.

रिचभक्त
रिचमध्ये हे सगळं आपोआप होतं.

मागकरी_०७
सातरस्ता दादा, पडद्यावर एकदम सरळ आलं! पण वडिलांना तीच यादी फाईलमध्ये हवी, मुकादमाला मोबाईलवर पाठवतात. फाईलमध्ये कंस, ३० आणि जी असा कचरा दिसतोय, रकानेही चिकटले.

सातरस्ता_रूट
होणारच. फाईलीत कर्सर नसतो.

कडक_भाकरी
पायथनच्या आयसॅटीला विचार, समोर टर्मिनल आहे की फाईल ते सांगतं. टर्मिनल असेल तरच हे कोड सोड, नाहीतर साधं छाप. साध्यासाठी परत डब्ल्यूसीविड्थ.

पुण्यात_मूळ_सोलापूर
फाईलच हवी तर सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली फाईल) काढ आणि एक्सेलमध्ये उघड. मी पहिल्यापासून हेच म्हणणार होतो.

मागकरी_०७
सगळ्यांचे आभार. शेवटी लायब्ररी कुठलीच घेतली नाही. नाव उचलून सगळ्यात शेवटच्या रकान्यात टाकलं. आधी टोकन नंबर, नग, दर, उचल, हातात किती, सगळे आकडे उजवीकडून लावलेले, आणि मग नाव. नावाच्या पुढं काहीच नाही, तर सरकणार काय? पडदा, फाईल, मोबाईल, तिन्हीकडं सरळ. लाल रंग तेवढा आयसॅटी विचारूनच सोडतो. वडील म्हणतात नाव आधी पाहिजे, माणूस आधी, आकडा नंतर. त्यांना म्हटलं, दोन आठवडे बघा.

रिचभक्त
हे काही प्रोफेशनल दिसत नाही.

जिस्टवाले_काका
मागकरी, टॉवेल होलसेलने देता का? पुतणीच्या लग्नात आहेराला शंभरेक लागतील.

मागकरी_०७
देतो की काका. कुठला साइज, कुठला रंग, तेवढं मेसेज करा.