गाभा थांबला म्हणे, आणि सी विंगची टाकी पुन्हा वाहिली

मंदाकाकू (बी-३०२): "पृथ्वीचा गाभा फिरायचा थांबला, आता उलटा फिरणार." हे खरं आहे का? नातू रात्री अकरापासून रडून राहिला होता. सोसायटीच्या ग्रुपवर असा मेसेज टाकणाऱ्यानं वेळ तरी बघावी. नाव घेत नाही.

प्रफुल्ल (ए-१०४): घ्या ना काकू नाव. मीच टाकला. आला तसा पाठवला.

वानखडे काका (सी-२०१): गाभ्याचं राहू द्या. पहाटे पाचपासून सी विंगची टाकी वाहून राहिली. कूलरला पाणी पुरत नाही आणि गच्चीवर तळं झालं. मोटर कोणाकडे होती?

देशकर मॅडम (बी-१०१): मंदाताई, त्याला सांगा, घाबरू नको. गोष्ट अर्धी कापून पाठवली आहे. जानेवारी २०२३ मध्ये पेकिंग विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी मांडलं की आतला गाभा २००९ च्या सुमारास *बाकीच्या पृथ्वीच्या तुलनेत* पुढे सरकायचा थांबला. पृथ्वीसोबत तो रोज फिरतोच आहे. अमरावती रोडवर शेजारची एसटी आपल्याच वेगानं धावली की उभी वाटते, तसं. आणि हे सगळ्या शास्त्रज्ञांना पटलेलंही नाही.

प्रफुल्ल: पण मॅडम, तिथं गेलं कोण बघायला? आपली बोअर तर ३०० फुटांवर अडकली.

सेक्रेटरी: बोअरचा हिशेब मीटिंगमध्ये दिला आहे. कृपया विषयांतर नको.

प्रफुल्ल: दिला नाही, भरभर वाचला.

सेक्रेटरी: _हा मेसेज डिलीट केला आहे_

वानखडे काका: मोटर कोणाकडे होती?

देशकर मॅडम: प्रफुल्ल, प्रश्न चांगला आहे. गेलं कोणीच नाही, भूकंपाच्या लाटा जातात. चौकीदार टाकीचं झाकण न उघडता काठीनं ठोकून पाणी कुठवर आहे ते सांगतो ना? आवाज बदलला की त्याला कळतं. तसंच हे. पी लाटा घन-द्रव दोन्हींतून जातात, एस लाटा द्रवातून जातच नाहीत. १८९७ च्या आसाम भूकंपाच्या नोंदींत या लाटा वेगळ्या ओळखल्या ओल्डहॅम यांनी. ते आपल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले, ज्यांचं एक ऑफिस आज आपल्या नागपुरात सेमिनरी हिल्सला आहे. १९०६ मध्ये त्यांनीच पृथ्वीला गाभा असल्याचं दाखवलं.

कुणाल (ए-४०३): सेमिनरी हिल्सला? मी रोज तिथून जातो राजेहो 😮

मंदाकाकू: मग आतला गाभा कसा सापडला? नातू बाजूला बसून वाचून राहिला.

देशकर मॅडम: एका बाईनं शोधला. डेन्मार्कच्या इंगे लेमन. बाहेरचा गाभा द्रव आहे, तो लाटांना वाकवतो, म्हणून भूकंपापासून (पृथ्वीच्या केंद्राशी कोन मोजला तर) साधारण १०४ ते १४० अंशांच्या पट्ट्यात पी लाटा यायलाच नकोत. १९२९ च्या न्यूझीलंडच्या भूकंपाच्या लाटा मात्र तिथं क्षीण का होईना, उमटल्या. इतरांनी दुसरी कारणं शोधली. या बाई नोंदींची कार्डं ओटच्या रिकाम्या खोक्यांत लावून एकेक वेळ ताडून बघत बसल्या. १९३६ मध्ये त्यांनी सांगितलं, आत आणखी एक गाभा आहे, त्यावर आपटून लाटा इकडे येतात. मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, हे सांगताना दर वेळी वर्ग गप्प व्हायचा.

वानखडे काका: मॅडम, छान माहिती. पण मोटर कोणाकडे होती?

कुणाल: आतला गाभा घन आहे म्हणतात. एवढ्या उष्णतेत तो घन कसा? इथं ४५ ला आपण वितळून राहिलो.

देशकर मॅडम: दाबामुळे. तिथं ५००० अंशांवर तापमान आहे, पण वरच्या साऱ्या पृथ्वीचा भार लोखंडाला वितळू देत नाही. तो घन आहे हे १९७१ मध्ये पक्कं झालं. मोठ्या भूकंपानंतर अख्खी पृथ्वी घंटेसारखी किती वेळ कशी घुमते, ते मोजून. त्रिज्या सुमारे १२२० किलोमीटर. आणि त्यातून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या लाटा पूर्व-पश्चिम जाणाऱ्यांपेक्षा जरा वेगानं पोचतात. म्हणजे आतल्या लोखंडाच्या स्फटिकांना एक दिशा आहे, लाकडाला रेषा असते तशी.

प्रफुल्ल: काकू, सॉरी. पुढच्या वेळी मॅडमला विचारून टाकीन.

मंदाकाकू: अकरानंतर तर विचारूनही टाकू नको बाप्पा. मॅडम, नातू विचारतो, त्या गाभ्याच्याही आत काही आहे का?

देशकर मॅडम: अगदी हेच २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी तपासलं! पृथ्वीच्या आरपार पाच-पाच वेळा जाऊन आलेल्या लाटा त्यांनी पकडल्या आणि मधोमध सुमारे ६५० किलोमीटर त्रिज्येचा वेगळा गोळा असल्याचं सांगितलं. ऊन उतरलं की पाठवा त्याला, ग्लोब काढून ठेवते.

सेक्रेटरी: वानखडे साहेब, चौकीदाराला वर पाठवलं. ठोकून बघितलं, टाकी अर्ध्यावर आहे. रात्री मोटर बी विंगकडे होती.

वानखडे काका: बी विंगमध्ये कोणाकडे?