गर्भातच बाळ गेलं, घटस्फोट झाला, उपचार संपले: अशा वेळांसाठी नवे ख्रिस्ती विधी रचावेत का?

जैतुनशाखा
बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या उपासना ठरलेल्या आहेत. पण गर्भातच बाळ गेलं किंवा शेवटची किमो संपली, तर बहुतेकांच्या वाट्याला दोन मिनिटांची प्रार्थना येते. अशा वेळी विधी रचलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

लोकरीतींचे अभ्यासक व्हान गेनेप यांनी 1909 मध्ये संक्रमणविधींचे तीन टप्पे मांडले: जुन्या स्थितीतून सुटणं, मधली अधांतरी अवस्था, नव्या स्थितीत स्वीकार. घरी रचलेले विधी बहुधा फसतात ते मधला टप्पा गाळल्यामुळे. बाळ गमावलेल्या आईबापांना सुरुवातीलाच 'देवाची योजना' ऐकवली, की त्यांच्यापुरता विधी तिथेच संपतो. आधी विलापाचं स्तोत्र 13 वाचा. मग दोन मिनिटं पूर्ण शांतता, घड्याळ लावून, कारण चालवणारा माणूस नेहमी लवकर बोलायला लागतो. नंतर बाळाचं नाव ठेवलं असेल तर ते मोठ्यानं घ्या. आशेचं वचन त्यानंतर. सगळं 20-25 मिनिटांत. खूण एकच: पाणी, तेल किंवा मेणबत्ती. तिन्ही आणलीत तर लोक वस्तू सांभाळण्यातच गुंततात.

जुनी_वाट
पूर्ण असहमत. मंडळी (चर्च) जशी प्रार्थना करते तसा तिचा विश्वास घडतो, हे तत्त्व पाचव्या शतकापासून चालत आलं आहे. घरी लिहिलेला मजकूर कोण तपासणार? घटस्फोटाच्या वेळी अंगठी वेदीवर परत ठेवायची, असे विधी लोक सुचवतात. ते लग्नविधी उलटा चालवणं झालं. देवासमोर दिलेलं वचन मागे घेता येतं, असा अर्थ त्यातून निघतो.

आणि हाताशी आहे ते तरी कुठे नीट वापरतो? कॅथलिक मंडळीत रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला तेल लावण्याचा संस्कार, फक्त मरणोन्मुखांसाठी नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1963 मध्येच सांगितलं. तरी तेल आणलं की घरचे घाबरतात. आधी ते शिकवा.

जैतुनशाखा
अंगठीबद्दल तुमचं बरोबर आहे. तिथे पापकबुली आणि बाप्तिस्म्याची आठवण पुरते: पाण्यात बोट बुडवून कपाळावर क्रूस, पुन्हा बाप्तिस्मा नव्हे. लहान मुलांना मात्र त्यात काहीही वाचायला लावू नका. आईवडिलांच्या निर्णयाला त्यांची संमती घेतल्यासारखं होतं.

पण विधी कधीच गोठलेले नव्हते. इंग्लंडच्या 1549 च्या प्रार्थनापुस्तकात रुग्णाला तेल लावणं होतं, 1552 मध्ये ते काढलं. त्याच वर्षी बाळंतिणीच्या 'शुद्धीकरणा'चं नाव बदलून 'उपकारस्तुती' झालं. मेथडिस्ट चळवळीच्या जॉन वेस्लींनी 1755 मध्ये देवाशी केलेल्या कराराच्या नूतनीकरणाची उपासना सुरू केली. तीही कधीतरी नवीच होती.

रुग्णशय्या
वाद चालू द्या, पण आजाऱ्याजवळ या चुका टाळा.

ऑक्सिजन चालू असेल त्या खोलीत मेणबत्ती अजिबात नको. बॅटरीचा दिवा चालतो. तेल साधं, सुवासाशिवाय. कापसाच्या बोळ्यावर पाव चमचा पुष्कळ झालं. रेडिएशन घेतलेल्या त्वचेला लावायचं नाही. कपाळ चालत नसेल तर तळहात. राख वापरणार असाल तर पाण्यात कालवू नका, त्यातून क्षार सुटून कातडी भाजते; तेलाचे थोडे थेंब घाला. हात ठेवण्याआधी विचारा, प्रत्येक वेळी, आणि एका वेळी दोघांपेक्षा जास्त हात नकोत, रुग्ण गुदमरतो. प्रभुभोजनात द्राक्षारस असेल तर व्यसनातून सुटणाऱ्याची अडचण आधी ओळखा. आजाराचं नाव रुग्णानं परवानगी दिली तरच घ्या.

वेदीपाशी
कॅथलिक घरांसाठी एक भर. रुग्णाभ्यंगाचा संस्कार धर्मगुरूच देऊ शकतात. 1972 च्या विधीनुसार कपाळ आणि हात यांना तेल लावतात. घरच्यांनी प्रार्थना करावी, हातही ठेवावा, पण तेच शब्द आणि तीच कृती नको, नाहीतर संस्कार मिळाला असा रुग्णाचा गैरसमज होतो.

जुनी_वाट
वरचं बहुतेक मान्य. बाळासाठीच्या उपासनेला माझी हरकत उरली नाही. मजकूर आठवडाभर आधी पाळकांकडे द्या आणि दर प्रार्थनेला सगळ्यांना 'आमेन' म्हणता येईल असा लिहा.

'उपचार संपले' या विधीवर मात्र मी अडून आहे. पुढच्या तपासणीत आजार परतला तर? मंडळीसमोर 'बरी झाली' म्हणून उभी केलेली बाई दुसऱ्या वेळी कुणाला सांगणार नाही. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात, अध्याय 5 मध्ये, आजाऱ्यानं मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं असं आहे. किती वेळा, याची मर्यादा घातलेली नाही. म्हणून त्या मजकुरातून 'बरी झाली' काढा, 'आजवर सांभाळलंस' ठेवा, आणि तेल पुन्हा मागायला ती कधीही येऊ शकते हे त्याच उपासनेत तिला सांगा. तेवढं असेल तर मी स्वतः आमेन म्हणेन.