कॉन्व्हेंटचे संस्कार: मुलं गावाशी जोडली जातात की तुटतात?

खाडीकाठ (धागाकर्ता)
आमच्या मालवण तालुक्यातल्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या रण माजलंय. गणपतीची सुट्टी संपून शाळा उघडली, तर हातावर मेंदी असलेल्या मुलींना इथल्या कॉन्व्हेंटने प्रार्थनेच्या वेळी रांगेबाहेर उभं केलं. निम्मे म्हणतात हा धर्माचा आकस, निम्मे म्हणतात शिस्त आहे, पटत नसेल तर जिल्हा परिषदेची शाळा उघडीच आहे.

माझ्या मते ती शिक्षा चूकच. पण त्यावरून शाळा वाईट ठरवू नये. माझी भाची तिथे शिकली. वर्ग झाडायची पाळी सगळ्यांना, सरपंचाचा मुलगा असो की रापणीवर (किनाऱ्यावरून मासेमारीचं जाळं ओढायला) जाणाऱ्याचा. घरी स्वतःचं ताट न उचलणारी पोरं तिथे डबा खाल्ल्यावर बाकाखालची शितं वेचतात. पोरगं आठवडाभर आलं नाही तर सिस्टर भर पावसात वाडीवर चौकशीला जातात. हे ख्रिस्ती मूल्यांतूनच येतं असं मला वाटतं. तुमचं काय मत?

फणसाचे गरे
झाडलोट आणि सेवा शिकवायला मिशनरीच कशाला हवेत? साने गुरुजी आपल्या कोकणातल्या पालगडचेच ना?

आणि सेवेचंच बोलायचं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात खाजगी शाळांना 25 टक्के जागा गरीब, वंचित मुलांसाठी ठेवाव्या लागतात. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळलं. सक्ती नाही, मान्य. पण स्वखुशीने जागा द्यायला कोणी हात धरलेत का? रापणीवाल्याचा पोरगा तिथे दिसतो, कारण बापाने कर्ज काढून फी भरलेली असते.

घोवाची गाबीत
पोरांक इंग्लिश येवक् व्हया म्हणान सगळे थंय जातत. संस्काराचा नाव उगाच.

आगाशीची पोर
मी वसईची, ख्रिस्ती, मराठी माध्यमात शिकलेली. आमच्याकडे चर्चच्या मराठी शाळा होत्या आणि मिस्सा (चर्चमधली उपासना) सुद्धा मराठीतच. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेही याच मातीतून. कोकणात स्कॉटिश मिशनरी 1823 ला बाणकोटला आले, ते आधी मराठी शिकले आणि मग मराठीतच शाळा काढल्या. त्यांना धर्म पसरवायचा होता, यात लपवण्यासारखं काही नाही. पण पोरं घरच्या भाषेत लिहू-वाचू लागली.

तेव्हा गावापासून पोरं तुटत असतील तर खापर येशूवर कशाला? गुन्हेगार आहे इंग्रजी माध्यम. शाळेत मराठी बोललं की दंड, हे बायबलमध्ये कुठेच नाही. आणि तो दंड कित्येक हिंदू संस्थाचालकही लावतात, त्यावर ग्रुप पेटत नाही. (का पेटत नाही, ते सांगायला नको.)

फणसाचे गरे
@आगाशीची पोर, ताई, माध्यमाचं पटलं. पण मेंदी काय इंग्रजी माध्यमात बसत नाही? विषय बदलू नका.

काळा कोट
थोडं कायद्याचं. राज्यघटनेच्या कलम 30 मुळे अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क आहे. पण कलम 28(3) प्रमाणे शासनमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. प्रवेश अर्जावर सही ठोकण्याआधी तो वाचत जा. अर्धे पालक फीचा आकडा सोडून काही वाचत नाहीत.

दुसरं, केरळमधली एक केस. तीन ख्रिस्ती भावंडं राष्ट्रगीताला आदराने उभी राहायची, पण श्रद्धेमुळे गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. तो निकाल मेंदीला जसाच्या तसा लागू होत नाही, हे आधीच सांगतो. पण आपल्या मुलांच्या श्रद्धेसाठी जी मोकळीक मागितली, ती शेजाऱ्याच्या मुलीच्या मेंदीला देताना शाळेने कद्रूपणा करू नये. ख्रिस्ती शाळेने तर नाहीच नाही.

आगाशीची पोर
@काळा कोट, हे मान्य. माझ्या स्वतःच्या लग्नात मेंदी होती, आणि लग्न लावणाऱ्या फादरना काही अडचण नव्हती.

खाडीकाठ
@फणसाचे गरे, जागांचा मुद्दा बिनतोड आहे, माझ्याकडे उत्तर नाही. पण वाडीवर जाणाऱ्या सिस्टरना त्यात ओढू नका. फी त्या ठरवत नाहीत, वर संस्था ठरवते.

फणसाचे गरे
मग संस्थेला विचारा की. पत्र लिहा, मी सही करतो. दोन मागण्या: सणाच्या मेंदीला शिक्षा नको, आणि वर्गात निदान पाच जागा बिनफीच्या.

घोवाची गाबीत
शनवारी पालकसभा आसा. हय टायपणारे थंय किती येतत ता बघूया.