क्वार्टेटच्या स्वतःच्या रचनेत मराठवाडा कुठून यावा: चालीतून की बांधणीतून?

गोदाकाठ (परभणी), धागाकर्ता

जॅझ क्वार्टेटने (चार वादकांच्या संचाने) स्वतःची रचना करायची आणि तिच्यात मराठवाडा आणायचा म्हटलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक होतं. गोंधळाची चाल उचलून सॅक्सोफोनवर वाजवतात आणि खाली कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार स्वर) सरकवतात. नाहीतर कुठल्याही धुनेला 'वेरूळ' असं नाव देऊन मोकळे होतात. माझं म्हणणं असं की चाल घेऊच नका, बांधणी घ्या. ती आपल्याकडे आयती आहे. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे नाथ, सगळ्यांच्या हातचा मोठा अभंग. चार चरण, अक्षरं ६, ६, ६, ४, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. लघुगुरूची भानगड नाही. नमुन्याला जुळवलेली ओळ:

कोरड्या पात्रात / वाळूचीच गाणी / मागतो मी पाणी / गोदामाई

बावीस अक्षरं. एका अक्षराला एक मात्रा द्या आणि बार (तालाचा एक कप्पा) सहा मात्रांचा धरा. तीन बार भरतात, चौथ्यात चार मात्रा जातात, दोन उरतात. म्हणजे एक अभंग बरोबर चार बारांचा. जॅझवाल्यांच्या नेहमीच्या साच्यात, बारा बारच्या ब्लूजमध्येही ओळी तीनच, प्रत्येकी चार बारांच्या. तीन अभंग झाले की एक कोरस, म्हणजे बारा बारांची एक फेरी झाली. टेनर सॅक्स, कीबोर्ड, बास आणि ड्रम्स एवढ्यावर हेड (रचनेची मूळ धून) उभं राहतं.

याला आधारही आहे. अमेरिकन सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनच्या क्वार्टेटने ९ डिसेंबर १९६४ला 'अ लव्ह सुप्रीम' हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. त्याच्या शेवटच्या भागात सॅक्स कोल्ट्रेनचीच कविता अक्षर-अक्षर वाजवतो, गात कुणीच नाही.

सम_विषम (नांदेड)

हा कागदावरचा हिशेब झाला. वारकरी अभंग म्हणतो तेव्हा एका अक्षराला एक मात्रा देतो का? भजनी ठेक्यावर 'माई'तला 'मा' अख्खं आवर्तन खाऊ शकतो. अक्षरसंख्या लिहिणाऱ्याची शिस्त आहे, गाणाऱ्याची नाही. आणि कोल्ट्रेनचा दाखला तुमच्यावरच उलटतो. त्या भागात पक्की लय नाहीच. ड्रम्स गडगडत राहतात आणि शब्द हवे तिथे लांबतात. त्याने शब्द मोकळे सोडले, तुम्ही खुंटीला बांधताय.

दुसरं, ब्लूजची ओळ साधारण अडीच बारांत संपते आणि उरलेल्यात वाद्य उत्तर देतं. सगळी गंमत त्या उत्तरात आहे. तुमच्या मांडणीत सहाच्या बारात फक्त दोन मात्रा मोकळ्या. सॅक्सवाल्याचा श्वास घेऊन होईपर्यंत पुढची ओळ डोक्यावर.

तिसरी_टाळी (अंबाजोगाई)

उत्तराला जागा नाही हे खरं, पण त्यासाठी अभंग मोडीत काढायची गरज नाही. सहाचा बार सोडा, साधा चारचा घ्या आणि अक्षराला अर्धी मात्रा द्या. बावीस अक्षरं अकरा मात्रांत बसतात. चार बारांच्या सोळा मात्रा, म्हणजे उत्तराला पाच उरल्या. ब्लूजला हवं तेवढंच.

खरी मजा आघातांची आहे. चरण पहिल्या, चौथ्या, सातव्या आणि दहाव्या मात्रेवर सुरू होतात. खाली चार-चार चालू आणि वर दर तीन मात्रांनी नवा चरण. यात ड्रमरचा हात हमखास फसतो. तो चरणांच्या मागे जातो, राइडवर (मोठ्या झांजेवर) तेच आघात द्यायला लागतो आणि ऐकणाऱ्याला सगळं तीनच्या तालात वाटतं. म्हणून हाय-हॅट (पायाने वाजणारी झांजांची जोडी) दोन आणि चारवरून हलू द्यायचा नाही आणि बासने सरळ मात्रेला एक स्वर चालायचं. लय मिनिटाला ११० ते १३० मात्रा. त्याहून फार चढवली की स्विंगचा झोल सपाट होतो आणि अक्षरं टाइपरायटरसारखी पडतात.

एक अडचण तिसऱ्या ओळीत येते. बी फ्लॅट ब्लूजमध्ये नवव्या बारला एफ सेव्हन (एफ, ए, सी, ई फ्लॅट) असतो, दहाव्याला ई फ्लॅट सेव्हन. दुसरा चरण नवव्या बारच्या चौथ्या मात्रेवर, म्हणजे कॉर्ड बदलायच्या एक मात्रा आधीच सुरू होतो. तिथे ई फ्लॅट स्वर ठेवा, तो दोन्ही कॉर्डमध्ये आहे. टेनरसाठी स्वराचं नाव एक पूर्ण स्वर वरचं लिहितात, म्हणून टेनरवाल्याच्या कागदावर तो एफ लिहायचा. दुसरा स्वर घेतलात तर कीबोर्डवाल्याला कॉर्ड एक मात्रा आधी टाकायला सांगा. नाहीतर तेवढ्यातच खडा लागतो.

संबळ_तुणतुणं (तुळजापूर)

संत घेतले, गोंधळ काहून सोडला? अक्षरं मोजून मराठवाडा येत असता तर पिंगळाचं छंदशास्त्राचं पुस्तक वाजवलं असतं. आमच्याकडची लय संबळाच्या काडीत आहे आणि ती ड्रम किटवर उतरत नाही. किटमधल्या स्नेअर ड्रमचा आवाज खालच्या तारांचा, संबळाचा कातड्याचा. आणायचाच तर वाजवणारा माणूस आणा, पोस्टरवर बाकीच्यांच्याच आकारात त्याचं नाव टाका आणि मानधन चौघांतल्या प्रत्येकाइतकंच द्या. त्याचे बोल मोबाइलवर टिपून नेऊन 'आमची प्रेरणा' म्हणायचं, हे बंद करा.

आणि आणणार असाल तर एवढं सांभाळा:

संबळ वाजत असताना किटवाल्याने स्नेअर सोडून ब्रश घ्यायचे. संबळाच्या दोन्ही तोंडांना वेगळा माइक लावा. मोठ्या तोंडाचा खर्ज आणि बास गिटारचा खर्ज एकमेकांवर चढतात, तेव्हा बासवाल्याने वरच्या सप्तकात जावं. पावसाळ्यात कातडं उतरतं, उन्हाळ्यात चढतं. साउंड चेक सकाळी आणि कार्यक्रम रात्री असेल तर सकाळचा सूर धरून बसू नका.

गोंधळ्याची पट्टी आधी विचारा. तो पांढरी तीनमध्ये गात असेल तर टेनरवाल्याला एफ शार्पमध्ये, सहा शार्पांत वाजवावं लागेल. अर्धा स्वर उतरून काळी दोनला या म्हणावं, मग टेनरला एकच फ्लॅट.

सम_विषम

पाचवा माणूस आला की क्वार्टेट कुठे उरलं? आणि तुणतुण्याची तार सतत सा धरणार. काळी पाचचा सा म्हणजे बी फ्लॅट. एफ सेव्हनमध्ये ए आला की तो त्या सा-शी भांडणार. ब्लूजचा कणाच मोडला.

तिसरी_टाळी

मग ए टाळायचा. कीबोर्डने एफ, बी फ्लॅट, ई फ्लॅट असे चौथ्याने रचलेले तीन स्वर द्यायचे. कोल्ट्रेनबरोबर वाजवणारा पियानोवादक मॅकॉय टायनर चौथ्याच्या अशा रचनांसाठीच ओळखला जातो. सा त्यात आपसूक बसतो. सॅक्सनेही सोलोत त्या बारवर ए वर थांबायचं नाही, जाता जाता चालेल.

रीड_अडीच (लातूर)

एवढं गणित कशाला? अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या क्वार्टेटने १९५८च्या दौऱ्यात इस्तंबूलच्या रस्त्यावर नऊचा ताल ऐकला आणि १९५९च्या 'टाइम आउट' अल्बममध्ये 'ब्लू राँडो' दिलं: २, २, २, ३ असे तीन बार, मग ३, ३, ३चा एक. इथपर्यंत गोदाकाठ यांच्या बाजूचं. पण सोलो सुरू झाले की साधा चारचा ब्लूज! नऊ गेला. तुमचा अभंगही हेडपुरताच राहणार, मग साडेसात मिनिटं नेहमीचंच. प्रेरणा म्हणून जे सांगताय ती फक्त पाटी आहे. त्यापेक्षा आधी चाळीस स्टँडर्ड्स (सगळे जॅझवाले वाजवतात ती ठरलेली गाणी) बारा पट्ट्यांत पाठ करा, मराठवाडा आपोआप वाजेल.

गोदाकाठ

आपोआप काही वाजत नसतं, रीड_अडीच. स्टँडर्ड्स पाठ करून न्यूयॉर्कच वाजतं.

'वेरूळ' नावाची मी थट्टा केली, पण तिथूनही बांधणी घेता येते. कैलास लेणं वरून खाली कोरलं, दगड काढत काढत. रचना तशीच करा. पहिला कोरस चौघांचा भरगच्च, दुसऱ्यात कीबोर्डचा डावा हात काढा, तिसऱ्यात राइड काढा, चौथ्यात बासचे दोन आणि चारचे स्वर. प्रेक्षकाला लेणं ऐकू येणार नाही, पण कमी होत जाणं नक्की ऐकू येईल.

अर्ध्या मात्रेच्या मांडणीबद्दल मात्र माझी तक्रार आहे. स्विंगमध्ये जोडीतलं दुसरं अक्षर आखूड पडतं. 'मागतो' मधला 'ग' आखूड चालेल, 'माई' मधला 'ई' आखूड कसा चालेल? तो अकराव्या मात्रेचा उत्तरार्ध आहे. तो पुढच्या पाच मात्रांत ओढावा लागेल आणि उत्तराची जागा पुन्हा खाल्ली जाईल.

तिसरी_टाळी

'ई' सॅक्सने ओढावा आणि उत्तर ड्रम्सने द्यावं. स्वर आणि कातडं एकमेकांच्या आड येत नाहीत.

सोलोंचा मुद्दा रास्त आहे, त्यावर उपाय हा: चार-चार बार वाटून घेण्याऐवजी सॅक्सला अकरा मात्रा, ड्रम्सला पाच. पुढच्या ओळीत कीबोर्डला अकरा, ड्रम्सला पाच. चारचीच सवय असलेला माणूस बाराव्या मात्रेवर गडबडतो, एक तर थांबत नाही किंवा तेराव्यावर येतो. म्हणून बासने बाराव्या मात्रेवर दर वेळी खालचा एफ द्यायचा, चालणं तिथे तोडून. दोन तालमींनंतर तो काढून टाकता येतो.

रीड_अडीच

आणि तीन कोरसांनंतर ही अकरा-पाचची वाटणी कवायत वाटायला लागते.

गोदाकाठ

तीनच ठेवा. चौथ्यापासून साधा ब्लूज, शेवटी पुन्हा हेड.

संबळ_तुणतुणं

पाच मात्रांचं उत्तर किटने देण्यापेक्षा संबळाने द्यावं, हे अजून कुणी बोललं नाही.