सगळ्यालाच 'डिप्रेशन' म्हणायचं का?

खडूफळा
दहावीला शिकवतो. पेपर अवघड गेला की पोरं म्हणतात, 'सर, डिप्रेशन आलं'. सामना हरलो, डिप्रेशन. सहल पुढे ढकलली, डिप्रेशन. परवा डब्यात पुन्हा दोडका निघाला म्हणून एकाला डिप्रेशन आलं. उरलेल्या वेळी 'बोअर' आणि 'मूड नाही'. तीन शब्दांत सगळा कारभार.

सहल रद्द झाली की होतो तो हिरमोड. मैत्रिणीने गुपित आधी दुसरीला सांगितलं की माणूस खट्टू होतो. तिन्हीसांजेला कारण नसताना पोटात कालवतं ती हुरहूर. विजेचं बिल दुरुस्त करायला या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवतात तेव्हा येतो तो वैताग. पाहुणे गेल्यावर घर खायला उठतं, ते आणखी निराळं. आणि दुखणं वेगळं म्हणून औषधही वेगळं. हिरमुसलेल्या पोराला दुसरं काही दाखवलं की खुलतं. वैतागलेल्याला दाखवायला जाल तर तुमच्याच अंगावर येईल. सगळ्याला एकच नाव दिलं तर समोरच्याने करायचं काय?

डिप्रेशन हा आजार आहे, तो शब्द डॉक्टरांसाठी राहू द्या. शिवाय मराठीत कंटाळा 'येतो', म्हणजे जातोही. 'मी डिप्रेस आहे' म्हटलं की माणूस स्वतःच तो होऊन बसतो.

तिरकी_मात्रा
व्याकरणाचा मुद्दा टिकत नाही, सर. 'मी चिडलो', 'मी वैतागलो', तुमचाच 'खट्टू झालो', यात कुठे काय येतं? माणूसच होतो. उलट तुमची पोरं 'मला डिप्रेशन आलं' म्हणतात. म्हणजे शब्द पाटावर बसवून कंटाळ्याच्या पंगतीला वाढलासुद्धा.

आणि हे सोवळ्यातलं कोठार आणलंत कुठून? खुश, नाराज, मर्जी, हैराण ही सगळी मंडळी फारसीच्या वाटेने आली. तुकोबांच्या 'उदास विचारे वेच करी' मधला उदास दुःखी नाही, निर्लोभ आहे. 'राग' संस्कृतात ओढ, प्रेम, आपल्याकडे मात्र थेट कपाळावर आठी. शब्द सरकतातच.

'टेन्शन' घ्या. 'काळजी घे' म्हणजे जप स्वतःला. 'टेन्शन घेऊ नकोस' म्हणजे चिंता सोड. तिथे 'काळजी घेऊ नकोस' म्हणून बघा, बायको घराबाहेर काढेल. 'काळजी करू नकोस' आहे, मान्य. पण 'मला टेन्शन देऊ नकोस'ला बदली शब्द सांगा.

खडूफळा
'जिवाला घोर लावू नकोस.' झाला की!
उदास सरकला तेव्हा त्यावर कुणाचा उपचार अडला नव्हता. हा शब्द दोडक्यावर खर्च झाला तर ज्याला खरंच ते आहे, त्याने काय म्हणावं?

वाज_इलो
तुमच्या यादीत आमचं काहीच नाही. मालवणीत 'वाज येता'. त्यात कंटाळा, वैताग आणि 'आता पुरे' हे तिन्ही एकदम. शाळेत बाईंसमोर 'वाज इलो' म्हटलं की 'शुद्ध बोल' म्हणायच्या. आता तीच पोरं 'बोअर झालं' म्हणतात, ते चालतं.

मिरजेची_सिस्टर
सरकारी दवाखान्यात काम करते. आमच्याकडे डिप्रेशन तपासायला पीएचक्यू-९ नावाची प्रश्नांची यादी असते. नऊ प्रश्न, प्रत्येकात 'गेल्या 2 आठवड्यांत किती दिवस असं वाटलं' एवढंच विचारायचं. एकूण गुण 0 ते 27. त्यात 'खिन्न', 'निराश', 'रस नसणे' असे शब्द आले की खेड्यातल्या बायका नुसत्या बघत राहतात. मग मी विचारते, 'मावशी, घास गोड लागतो का? करमतं का? रात्री डोळ्याला डोळा लागतो का?' तेवढ्यात पदर डोळ्यांना जातो. सगळं बोलून होतं, डिप्रेशन शब्द एकदाही न येता. तेवढ्यापुरती मी सरांच्या बाजूने.

पण एक अडचण सांगते. 'जीव नकोसा झालाय' हे आमच्याकडे मे महिन्यातल्या उन्हालाही म्हणतात, सुनेच्या माहेरच्या पाहुण्यांनाही म्हणतात, आणि ज्या बाईने खरंच विहीर बघून ठेवलीय तीही तेच म्हणते. नववा प्रश्न त्याचाच आहे. तिथे 'म्हणजे नक्की काय?' हे सरळ विचारावंच लागतं. आपल्या बोलीवर विसंबून राहता येत नाही.

आतली_खोली
सिस्टरांच्या दुसऱ्या परिच्छेदासाठीच लिहितोय. वडील निवृत्तीनंतर वर्षभर 'करमत नाही' म्हणत होते. अस्सल मराठी, अगदी नेमका शब्द. उत्तरं काय मिळाली? 'देवळात जाऊन बसा', 'पोथी लावा', 'नातवाला शाळेत सोडा, बरं वाटेल'. करमत नाही हे प्रत्येकालाच कधी ना कधी होतं, म्हणून कुणी हललं नाही. डॉक्टरांनी 'डिप्रेशन' लिहून दिलं त्या दिवशी माझ्या काकाने पहिल्यांदा आवाज खाली केला. इंग्रजी शब्दाला आपल्या घरात वजन आहे, हे लाजिरवाणं असेल, पण आम्हाला त्याचाच उपयोग झाला.

खडूफळा
ते वजन टिकावं म्हणूनच तर भांडतोय. दहा वर्षांनी तुमच्या काकांच्या नातवाने घरात तोच शब्द उच्चारला तर 'डिप्रेशन काय, सगळ्यांनाच येतं' असं ऐकावं लागेल.

आतली_खोली
किंवा दहावीतच शब्द ओळखीचा झाल्यामुळे तो लाज न बाळगता बोलेल. वडिलांना ते सांगता आलं नाही. नक्की कशाचं नुकसान मोठं, हे तुम्ही वर्गात बसून ठरवू शकत नाही.

मिरजेची_सिस्टर
तुम्ही दोघं भांडा. वाचणाऱ्यांपैकी कुणाला लागला तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416, मोफत आहे, मराठीतही बोलतात. ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे आणि अजून कितीतरी जणांना माहीत नाही.

नदीपल्याड
न्यू जर्सीहून. माझ्या मुलीला 'रुसवा' इंग्रजीत समजावता समजावता मीच थकले. राग धरून बसणं वेगळं. रुसणाऱ्याला खात्री असते की कुणीतरी समजूत काढायला येणार. शेवटी पंढरपूर सांगितलं. रखुमाई रुसून दिंडीरवनात आली, देव तिला शोधत मागोमाग आला, आणि अजून तिचं देऊळ वेगळं आहे. मुलीचा प्रश्न, 'म्हणजे शी इज स्टिल अपसेट?' हो म्हटलं.

वाज_इलो
अठ्ठावीस युगं! आमच्या घरात दोन दिवसांत भूक लागते.

तिरकी_मात्रा
सर, एक द्या मग. तीन तास मोबाईलवर बोट फिरवून झाल्यावर जे होतं, झोप नाही, दुःख नाही, कंटाळाही नाही, त्याला काय म्हणायचं?

खडूफळा
सुन्न.

तिरकी_मात्रा
सुन्न माणूस वाईट बातमी ऐकून होतो. बधिर?

मिरजेची_सिस्टर
बधिर करायला आमच्याकडे इंजेक्शन लागतं.

वाज_इलो
वाज!