सारायेव्हो: काय बघितलं ते नको, काय अनुभवलं ते सांगा

मंडळी, मे महिन्यात आम्ही दोघं बोस्नियात सारायेव्होला पाच दिवस राहून आलो आणि ते गाव अजून मनातून जात नाहीये, म्हणून हा धागा. इथले बरेच जण तिथे जाऊन आलेत हे ठाऊक आहे. प्रेक्षणीय स्थळांची यादी नकोय, ती कुठेही मिळते. तुम्हाला तिथे काय गवसलं ते लिहा, लांबलं तरी चालेल.

सुरुवात मीच करते. माझं माहेर पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीच्या अगदी जवळ, त्यामुळे तांब्यावर पडणारा हातोडा मला झोपेतही ओळखू येतो. सारायेव्होचा जुना बाजार म्हणजे बाश्चार्शिया, १४६० च्या दशकात ऑटोमन सुभेदार इसा-बेग इशाकोविचने वसवलेला. पहिल्याच सकाळी तिथे फिरताना तोच आवाज कानावर आला, ठक ठक ठक, आणि मी नवऱ्याचा हात धरून त्या दिशेने चालायलाच लागले. गल्लीचं नाव काझांजिलुक, म्हणजे सरळ तांबट आळीच! एक आजोबा जेझ्वा ठोकत बसले होते, जेझ्वा म्हणजे कॉफीचं लांब दांड्याचं तांब्याचं भांडं. मी आतल्या कल्हईवर बोट फिरवलं तर त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, हातातलं काम ठेवलं, आतून एक जुनं, कल्हई उडालेलं भांडं आणलं आणि दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं. भाषा एकमेकांची येत नव्हती पण अर्धा तास गेला. ती जेझ्वा आता माझ्या ओट्यावर आहे. तिथल्यासारखी कॉफी प्यायची तर साखरेचा खडा कॉफीत जरासा बुडवायचा, कोपरा चावायचा आणि वर एक घोट. सोबत लोकुमचा, म्हणजे टर्किश मिठाईचा, तुकडा. घाई असेल तर पिऊच नये.

*

ताई, मस्त धागा. मी म्युनिकला असतो, जूनमध्ये गेलो होतो. माझ्या लक्षात राहिलं ते घड्याळ. गाझी हुस्रेव-बेग मशिदीशेजारी दगडी मनोरा आहे, साहात कुला म्हणतात. संध्याकाळी सातला बघितलं तर त्यात साडेदहा! मला वाटलं बंद पडलंय. कॉफीवाल्या काकांनी समजावलं की या घड्याळात सूर्यास्ताला १२ वाजतात, जुनी ऑटोमन पद्धत, सूर्यास्त रोज थोडा सरकतो म्हणून ते वरचेवर जुळवावं लागतं आणि त्यासाठी खास माणूस नेमलेला आहे. दुसऱ्या दिवशी मी बाकीचा प्लॅन रद्द करून समोर बसून राहिलो, काटे १२ वर आले आणि तेवढ्यात अजान सुरू झाली, अंगावर काटा आला खरंच. हा हुस्रेव-बेग सोळाव्या शतकातला तिथला सुभेदार, १५४१ मध्ये गेला, पण मशीद, मदरसा, बेझिस्तान (छपराखालचा बाजार) हे सगळं त्याने वक्फ करून ठेवलेलं, आणि ते आजही वापरात आहे. फेऱ्हादिया रस्त्यावर जमिनीत एक रेघ आहे, तिच्या एका बाजूला ऑटोमन गाव आणि दुसऱ्या बाजूला १८७८ नंतरचं ऑस्ट्रियन, तिथे नक्की उभे राहा.

*

शाकाहारी लोकांसाठी लिहिते कारण आम्ही सासूबाईंना घेऊन गेलो होतो, त्यांना अंडंही चालत नाही. तिथे पिठाच्या पातळ पापुद्र्यांत सारण भरून भाजतात, त्यातलं बोस्नियात बुरेक म्हणजे मांसाचंच, बाकी सगळ्याला पिता म्हणतात. झेल्यानित्सा पालकाची, सिर्नित्सा चीजची, पण या दोन्हींत अंडं घालतात बऱ्याच ठिकाणी. क्रोम्पिरुशा घ्या, नुसता बटाटा-कांदा-मिरी, तरी अंड्याचं विचारूनच घ्या. एका ठिकाणी आम्ही न विचारता घेतलं आणि आत खिमा निघाला, सासूबाई उपाशीच उठल्या, फार वाईट वाटलं. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ते बघितलं, उठून दुसऱ्या दुकानातून क्रोम्पिरुशा आणि ताकासारखं दही आणून दिलं आणि पैसे काही केल्या घेतले नाहीत. सासूबाई अजून त्यांची आठवण काढतात. आणि हो, रोख मार्क (तिथलं चलन) जवळ ठेवा, लहान दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.

*

वेढ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. १९९२ ते १९९६, बोस्नियाच्या युद्धात सर्ब फौजांनी १४२५ दिवस हे शहर वेढलेलं होतं. विमानतळाखालून खणलेल्या बोगद्याचा थोडा भाग बघता येतो, मूळ लांबी साधारण ८०० मीटर, ताठ उभं राहता येत नाही. पण मला सगळ्यात जास्त लागलं ते कोवाची कब्रस्तान. जुने पागोटंवाले ऑटोमन दगड आणि लगेच पुढे पांढऱ्याशुभ्र नव्या दगडांच्या रांगा, मृत्यूची सालं तीच ती, ९२, ९३, ९४. माझा जन्म ७३ चा, तर मी नकळत ७३ ला जन्मलेल्यांचे दगड शोधायला लागलो. बरेच होते. खाली नदीकाठी व्हियेच्नित्सा आहे, १९९२ च्या ऑगस्टमध्ये जळालेलं ग्रंथालय, इमारत २०१४ मध्ये पुन्हा उघडली पण पुस्तकं कुठून परत येणार.

*

दादा, वाचून गप्प झाले. आम्ही रमजानात होतो तिथे, झुता ताबिया नावाच्या जुन्या बुरुजावर संध्याकाळी सगळं गाव चढतं, चटया, डबे, पोरंबाळं. मी आणि माझी मुलगी कडेला उभ्या होतो तर एका कुटुंबाने सरकून जागा केली आणि गरम सोमुन हातात दिला, नानसारखी पोळी, वर कलौंजी लावलेली. पण कुणी खात नव्हतं म्हणून आम्हीही तसाच धरून बसलो. त्यांचा चारेक वर्षांचा मुलगा सारखा दरीकडे बोट दाखवून ‘टोप! टोप!’ ओरडत होता. मला काही कळेना. मुलगी म्हणाली, आई, तोफ म्हणतोय तो. आणि तेवढ्यात उडालीच, खाली एकेका मिनाराचे दिवे लागत गेले आणि त्या पोराने आमच्या हातातल्या सोमुनकडे बघून मान हलवली, खा आता.